अडकलीस ना? मग अडकून राहा

प्रिय पोरी,

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा कोडी सोडवत पुढे जायचा कॉम्प्युटरवरचा खेळ तू एकदाचा खेळलीस. शेजारच्या खिडकीत वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं क्रमाने लिहिलेलं पान, उघडा ठेवून दोन संध्याकाळींत संपवलास. आणि आता विचारतेस, ‘काका, लोक एवढं कौतुक कशाचं करतात? की मलाच काही कळत नाही?’

तुला सगळं कळतं. तू तो खेळ खेळलीच नाहीस, एवढंच. दुसऱ्याने सोडवलेलं वाचलंस आणि सांगितलं तिथे क्लिक केलंस.

1990 सालचा खेळ आहे तो. तो बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने त्याच्या आदल्याच वर्षी लेख लिहून अशा खेळांवर झोड उठवली होती: चुकलं की मारतात, नकळत वाट कायमची बंद करतात. म्हणून त्याचा नायक गायब्रश जवळपास मरतच नाही. पाण्याखाली मूर्तीला बांधलेला असतानासुद्धा दहा मिनिटं श्वास रोखून धरतो! हे सगळं कशासाठी? तू निवांत अडकावंस म्हणून. त्या माणसांनी अडकण्याची एवढी बडदास्त ठेवली आणि तू तिथे टेकलीही नाहीस.

टोमण्यांच्या तलवारबाजीत, जिथे चपखल जबाब देणारा जिंकतो, तिथे तरी लक्षात यायला हवं होतं. (टोमण्याला टोमणा, हे पुण्यात वाढलेल्या मुलीला काय शिकवायचं.) वॉकथ्रूत सगळे जबाब छापलेले असले तरी ते खेळातल्या तुझ्या यादीत आपोआप येत नाहीत. आधी वाटेवरच्या चाच्यांकडून हरावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं. मग तलवारीत सगळ्यांची गुरू असलेली कार्ला भलतेच टोमणे मारते आणि जुनेच जबाब तिथे चपखल बसतात. ते बसतात हे आपलं आपल्याला कळण्यात सगळी मजा आहे. तू वॉकथ्रूवर बोट ठेवून ती लढत उरकलीस. राग येतो मला, खरंच.

मी हे का बोलतो, तेही ऐक. आमच्या वेळी घरी कॉम्प्युटर नव्हता. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणी संपल्यावर थोडा वेळ मिळायचा. ग्रॉग ही चाच्यांची जहाल दारू मगच वितळवून टाकते, मग ती तुरुंगाच्या कुलपापर्यंत न्यायची कशी, याच्यावर मी डोकं लावून बसलो होतो आणि मागून एका शहाण्याने सांगून टाकलं: या मगमधून त्या मगमध्ये ओतत ने. त्या पोराला मी अजून माफ केलेलं नाही. कोडं एकदाच सुटतं, बाई. ते माझ्या हातून सुटणार होतं, आता कधीच सुटणार नाही.

पुढे क्लास सुटला, नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते. खेळ पुरा केला तो पन्नाशीच्या तोंडावर. ग्रॉग आली, गेली, काही वाटलं नाही. पण खेळातल्या स्कम बार या गुत्त्यामागचा तो सीगल पक्षी! मासा उचलू देईना. कितीतरी रात्री गेल्या. बायको म्हणाली, ‘त्या पक्ष्यापायी झोप घालवताय?’ घालवत होतो. आणि एका सकाळी वेताळ टेकडी उतरताना, डोक्यात भलताच विषय असताना सुचलं, ती कडेची फळी सैल आहे, तिच्यावर पाय दिला की पक्षी उडेल! घरी येऊन बूट न काढता कॉम्प्युटर लावला. या वयात शोभतं का, असं विचारणारे आहेत. कामातही मी असाच अडकून बसतो, आणि माझ्या हातचं काम परत येत नाही, हे ते विसरतात.

तेव्हा हा पहिला भाग गेला असं समज. दुसरा भाग 1991 चा. त्यात सोपी आणि पूर्ण अशा दोन वाटा आहेत, तू पूर्ण घे. स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो फोनमध्येसुद्धा चालतो, हिंजवडीच्या बसमध्ये खेळ. अडकलीस की फोन खिशात टाक आणि खिडकीबाहेर बघ. उत्तर शोधू नकोस. कंटाळा आला तर चार दिवस ठेवून दे, पण उत्तर शोधू नकोस.

तुझा,
काका

ता. क. दुसऱ्या भागातल्या फॅट आयलंडवर धबधब्याजवळच्या पंपापाशी अडलीस तर मात्र मला फोन कर. ते कोडं लबाडीचं आहे. इशारा देईन. उत्तर नाही.