वाचकांचे प्रश्न: "यंदापासून गणित तुमच्याकडे" असं सांगितलंय, आता काय करू?

प्राथमिकच्या गणितावर यावेळी बरीच पत्रं आलीत. बहुतेक अशा शिक्षकांची आहेत ज्यांना शाळेने गणिताचं विषयप्रमुख केलंय, म्हणजे स्वतःचा वर्ग सांभाळून बाकीच्यांचं गणितही बघायचं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न परत परत आलेत तेवढे घेते.

प्रश्न: ताई, मला गणित विषयप्रमुख केलंय पण खरं सांगते, मलाच गणिताची भीती वाटते. शाळा संपल्यावर गणिताला हातच लावला नाही. आता आधी एखादा मोठा गणिताचा कोर्स करू का? नाहीतर बाकीच्यांना मी काय सांगणार?

मोठा कोर्स आत्ता नको. तुम्हाला गणित लागणारच आहे, पण ते पुढच्या इयत्तांचं नाही, पहिली ते पाचवीचंच, फक्त आतून बाहेरून. एक उदाहरण देते. लिपिंग मा नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना काही प्रश्न विचारले होते, १९९९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातला एक प्रश्न होता, पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर एक गोष्ट तयार करा, म्हणजे शाब्दिक उदाहरण. चीनमधल्या सगळ्याच्या सगळ्या ७२ जणांचं उत्तर बरोबर आलं, अमेरिकेतल्या निम्म्यांचंसुद्धा आलं नाही, आणि गोष्ट तयार करताना तर तिकडच्या बऱ्याच जणांनी पावणेदोन दोघांत वाटले, म्हणजे अर्ध्याने भागायच्या ऐवजी दोनाने भागलं. आणि त्या चिनी शिक्षकांचं शिक्षण अमेरिकनांपेक्षा वर्षांच्या हिशोबाने कमीच होतं बरं का. फरक पडला तो रोज शिकवतो तेच गणित सहकाऱ्यांबरोबर बसून पुन्हा पुन्हा खणण्याने.

तुम्ही आत्ता कागद घ्या आणि करून बघा. भाजक उलटा करून गुणलं की साडेतीन येतं, ते ठीक, पण साडेतीन काय? पावणेदोन मीटर रिबिनीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे कापले तर तीन पूर्ण निघतात आणि वर पाव मीटर उरते, म्हणजे अर्धा तुकडा. हा जो "पाव मीटर म्हणजे अर्धा तुकडा" वाला क्षण आहे ना, तिथेच मुलं अडकतात, आणि तिथे आपणही एकदा अडकून बाहेर आलेलो असलो तरच मुलाला हात देता येतो. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की विषय येणं एक, शिकवता येणं दुसरं, आणि हा विषय मुलांना कुठे अवघड जातो, कुठल्या उदाहरणाने सुटतो हे कळणं तिसरं. प्रशिक्षण निवडताना बघा की ते हे तिसरं देतंय का. वेळापत्रकात "अपूर्णांकाचा भागाकार मुलं कशा कशा प्रकारे समजतात" असं काही असेल तर जा, नुसतं "गणित आनंददायी कसं करावं" असेल तर आधी चौकशी करा.

भीतीचं मात्र मनावर घ्या. २०१० मध्ये एक अभ्यास आला, पहिली दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली मुलं घेऊन केलेला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती जास्त त्यांच्या वर्गातल्या मुलींमध्ये वर्षाच्या शेवटी "गणित मुलग्यांचं काम" हा समज जास्त दिसला, आणि ज्या मुलींनी तो घेतला त्या गणितात मागे पडल्या. वर्षाच्या सुरुवातीला असं काही नव्हतं. अभ्यास लहान आहे, पण माझ्या मनातून जात नाही. तेव्हा भीती लपवू नका, ती मुलांना दिसते. सहकाऱ्यांसमोर "मला हे कळलेलं नाही, चला एकत्र करून बघू" असं म्हणता आलं तर तुम्ही चांगल्या विषयप्रमुख व्हाल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मॅडम, आमच्या शाळेतले एक सीनियर सर आहेत, वीस वर्षं शिकवतायत. मी त्यांच्या वर्गात बसू का विचारलं तर "तू आता माझी तपासणी करणार का" म्हणाले. मी वयाने लहान आहे. वर्ग न बघता हे काम होणार कसं?

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आजवर जो कोणी फाईल घेऊन मागच्या बाकावर बसला तो शेरे लिहूनच गेला, मग माणूस सावध होणारच. वर्गात बसायची मागणी सध्या बाजूला ठेवा. सरांकडे जा आणि म्हणा, "सर, माझ्या वर्गातल्या या वह्या बघता का, मला एक कळत नाहीये."

आणि खरंच वही घेऊन जा. समजा मुलीने लिहिलंय ५२ − २७ = ३५. आपण फुली मारतो, "हातचा विसरली" म्हणतो आणि पुढे जातो. पण थांबा. ३५ दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक मूल एककात बघतं, वर २ खाली ७, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करतं, ५, मग दशकात ५ वजा २, ३. झाले ३५. दुसरं मूल बरोबर दशक सुटा करतं, १२ वजा ७, ५, पण वरच्या पाचाचे चार करायचे राहतात, ५ वजा २, ३. याचेही ३५. पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय तेच माहीत नाही, दुसऱ्याला माहीत आहे, त्याची फक्त नोंद राहिली. एकच उत्तर, दोन अगदी वेगळी मुलं, आणि आपण दोघांना तीच दहा गणितं सरावाला देतो!

आता सरांना विचारा की कुठलं गणित दिलं तर कळेल ही मुलगी कुठल्या वाटेने गेली. सर जरा वेळ घेतील, मग सांगतील. ५३ − २७ दिलं की कळतं, पहिल्याचे ३४ येतात, दुसऱ्याचे ३६. माझ्या अनुभवात या प्रश्नावर वीस वीस वर्षांचे शिक्षक खुर्ची पुढे ओढून बसतात, कारण वह्या तर त्यांनी हजारो तपासलेल्या असतात, फक्त अशा कोणी त्यांच्यासमोर ठेवलेल्या नसतात. तिथून पुढे "तुमच्या वर्गात पण असं कोणी आहे का हो सर" इतकंच विचारायचं, वह्या ते स्वतः काढून देतील.

ही कल्पना माझी नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ च्या सुमारास 'बगी' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ केला होता, होऊ घातलेल्या शिक्षकांसाठी. कॉम्प्युटर चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा, शिक्षकाने त्याला गणितं घालत जायची, उत्तरं बघून चूक कुठली ते ओळखायचं, आणि ओळखली असं वाटलं की परीक्षा, ते "मूल" पुढच्या गणिताला काय उत्तर देईल ते आपणच सांगायचं. मला यातलं हे शेवटचं फार आवडतं. मुलाचं पुढचं चुकीचं उत्तर आधीच सांगता आलं तरच त्याचं डोकं आपल्याला कळलं. कॉम्प्युटर नसला तरी शिक्षकांच्या खोलीत हे होतं, एकाने मूल व्हायचं, बाकीच्यांनी गणितं घालायची.

वर्गात बसायची वेळ पुढे येईलच, तेव्हा एक पाळा, नजर मुलांवर ठेवा. एखादं मूल निवडा, ते काय लिहितंय, काय खोडतंय, बोटं मोजतंय का तेवढं टिपा, आणि तास संपल्यावर सरांना तेच सांगा. फळ्यासमोर उभ्या माणसाला ते दिसतच नाही, त्यांना उपयोगच होईल.

प्रश्न: दोन दिवसांचं गणित प्रशिक्षण केलं, खूप छान होतं, सगळे भारावून आलो. महिन्याभरात सगळं पुन्हा होतं तसं. आमचं काय चुकतं?

चूक तुमची नाही हो. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण संशोधकांनी १९८० च्या दशकात यावरच काम केलं आणि त्यांचं म्हणणं असं की ऐकून, बघून, अगदी तिथल्या तिथे सराव करूनही नवी रीत रोजच्या वर्गात क्वचितच उतरते, ती उतरते कोणीतरी आपल्या शाळेत आपल्याबरोबर नंतरही राहिलं तर. ते "कोणीतरी" म्हणजे विषयप्रमुख. दोन दिवसांत बियाणं मिळालं, पाणी घालणं तुमच्याकडे आहे.

जपानमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ शिक्षक एक काम करतात, जुग्यो केन्क्यू म्हणतात त्याला, म्हणजे पाठाचा अभ्यास. तीन चार जण मिळून एकच पाठ आखतात, मुलं काय काय उत्तरं देतील ते आधी लिहून काढतात, मग एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, आणि नंतर बसून बोलतात. पाठ सगळ्यांचा असतो म्हणून फसला तरी कोणा एकाची मान खाली जात नाही. तुम्ही वर्षाला असे दोन पाठ केलेत तरी पुष्कळ. आणि प्रशिक्षणातल्या दहा गोष्टी एकदम आणू नका, एक उचला. उदाहरणार्थ प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्ग मोजले तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, ते तीन सेकंद थांबायला लागले की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. ती मोजणी विज्ञानाच्या तासांची होती पण गणितात मला तर तेच दिसलंय. पूर्ण सत्र फक्त एवढंच करा, सगळ्या वर्गांत.

प्रश्न: प्रशिक्षणात दांड्या, ठोकळे वापरायला शिकलो. वर्गात मुलं ठोकळ्यांवर बरोबर करतात आणि वहीत चुकतात. मग साहित्याचा फायदा काय?

ठोकळे आणि वही यांच्यातला सांधा राहून जातोय. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सांगितलं की शिकणं कृती, चित्र आणि चिन्ह या तीन रूपांत होतं, आणि आपण त्याचे तीन वेगळे तास केले, आज ठोकळे, उद्या चित्र, परवा वही. तसं नको. समजा तेच ५२ − २७ करायचंय, तर दशकाची एक दांडी देऊन दहा सुटे घेतले की त्याच क्षणी, हातात सुटे असतानाच, वहीत पाच खोडून चार लिहायचा. हाताने एक हालचाल, पेन्सिलीने एक खूण. आणि "आत्ता काय केलंस" ते तोंडाने बोलून घ्यायचं. हे शिक्षकांनी आधी स्वतः करायला हवं, बघायला सोपं वाटतं पण हातात घेतलं की आपलीच खूण पुढे मागे होते.

मराठीत शिकवत असाल तर अजून एक बघा. मूल त्रेपन्न ऐकतं, त्यात तीन आधी येतो, म्हणून ३५ लिहितं. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतो, म्हणून ६९. अशा मुलाचा स्थानिक किमतीचा घोळ आहे असं आपण धरतो, पण कधी कधी तो नुसता कानाचा असतो. बोलून न सांगता ठोकळे मांडून लिहायला लावलं की फरक कळतो.

प्रश्न: मी मुख्याध्यापक आहे. आठवड्याला अर्धा तास शिक्षकांना गणितासाठी देऊ शकतो, त्याहून जास्त जमत नाही. त्यात काही होईल का?

होईल, फक्त तो अर्धा तास सूचना आणि रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका, आणि शक्य असेल तर तुम्हीही बसा, मागे खुर्चीवर नाही, सगळ्यांबरोबर टेबलाशी.

पहिल्याच आठवड्यासाठी एक देते. ८ + ४ = ☐ + ५ हे एकच गणित दुसरीपासून वरच्या सगळ्या वर्गांना त्याच दिवशी द्या, काही न समजावता, छोट्या कागदावर. कागद गोळा करून टेबलावर उत्तरांप्रमाणे ढीग करा. १२ चा ढीग मोठा निघेल, म्हणजे ज्यांना बरोबरचं चिन्ह "आता उत्तर लिही" असं वाटतं ती मुलं. १७ चा निघेल, ज्यांनी दिसले ते सगळे आकडे मिळवले. ७ चा किती ते बघा. मग इयत्ता वेगळ्या करा, आणि वरच्या वर्गांतही १२ वाले निघाले तर कोणावर न ढकलता प्रत्येकाने आपल्या फळ्यावर बरोबरचं चिन्ह कसं लिहिलं जातं ते आठवून सांगायचं. उत्तर नेहमी उजवीकडेच असतं का, १२ = ८ + ४ असं कधी कोणी लिहिलंय का. अर्धा तास त्यातच संपेल, ढीग रबर लावून ठेवून द्या, दोन महिन्यांनी तेच गणित पुन्हा द्यायचंय.