तहसीलचा शिक्का आणि तीस दिवसांची मुदत

प्रश्न : आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला होता. २०११ साली गावात ११ हजार माणसं होती, आज दहा हजारही नाहीत. घरपट्टी वाढणार. अंतिम अधिसूचना निघून चार महिने झाले. कोर्टात जाता येईल का?

उत्तर : अशी पत्रं बऱ्याच गावांतून येतात आणि सगळ्यांचा भर लोकसंख्येवर असतो. तो मुद्दा सोडा. नगरपंचायतीसाठी दहा ते पंचवीस हजार वस्ती लागते, हे खरं. पण ती कुठली मोजायची, हे संविधानाने सांगून ठेवलंय : ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत, तिची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ चाच आकडा धरणार. तुमचं गाव त्यात बसतं.

सगळं अडलंय ते हरकतीपाशी. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार आधी राजपत्रात उद्घोषणा, म्हणजे नगरपंचायत करण्याचा इरादा जाहीर करणारी सूचना, निघते. त्या दिवसापासून ३० दिवसांत, लेखी, कारणांसह आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेच हरकत द्यायची. एवढीच संधी असते. उल्हासनगरला कल्याण महानगरपालिकेतून वगळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केलं, की असा निर्णय कायदा करण्याच्या स्वरूपाचा असतो. कायद्याने दिली त्यापलीकडे सुनावणी मागता येत नाही.

आता तुमच्या ठरावाचा फोटो पाहा. शिक्का सत्ताविसाव्या दिवसाचा आहे, पण तहसील कार्यालयाचा! मजकूर एका ओळीचा : ‘ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे.’ विरोध का, ते कुठेच नाही. गावातली बहुतेक घरं शेतीवर चालतात, असं तुम्ही मला लिहिलंत. बिगरशेती रोजगाराची अट कायद्यात आहे, तेच वाक्य ठरावात हवं होतं. एवढ्या माणसांनी सह्या केल्या आणि अधिनियमाचं एक पान कुणी उघडलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तरी एक धागा उरतो. तहसीलदारांनी तो कागद मुदतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला असेल आणि शासनाने तो विचारात न घेताच अधिसूचना काढली असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेला, म्हणजे सरकारच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिकेला, आधार आहे. कारणं नसलेली हरकत न्यायालय कितपत मानेल, स्थगिती मिळेल की नाही, हे आज सांगता येणार नाही. कागद तहसीलमध्येच पडून राहिला असेल, तर मला फारशी आशा दिसत नाही.

आमदारांच्या आश्वासनावर तुम्ही चार महिने घालवलेत. प्रभागरचना सुरू झालीय म्हणता. निवडणूक जाहीर झाली की न्यायालय सहसा हात घालत नाही, आणि याचिका बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायलाच किती वेळ जातो हे मी रोज पाहतो. तेव्हा तहसीलच्या जावक नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत माहिती अधिकारात आजच मागा. उत्तराची वाट न पाहता याच आठवड्यात वकील गाठा. अर्जात ठरावाची तारीख आणि शिक्क्यावरचा आवक क्रमांक दोन्ही लिहा. फोटोत तो क्रमांक पुसट आलाय, मूळ प्रतीवरून उतरवून घ्या.