पटलं म्हणजे पक्कं का?

प्रश्न : एका परीक्षेत अर्ध्या पानाचा उतारा देतात आणि त्यातल्या युक्तिवादाचं मूल्यमापन करा म्हणतात. मी दरवेळी त्या विषयावर मला काय वाटतं तेच लिहून बसते आणि मार्क जातात. बलस्थानं आणि कच्चे दुवे शोधायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : तुमचं मत तिथे कुणी विचारलेलंच नाहीये! आपल्याला पटणारी गोष्ट अगदी फालतू कारणं देऊनही मांडलेली असू शकते, आणि न पटणारी भक्कम कारणं देऊन.

आधी निष्कर्ष शोधा (तो शेवटच्याच ओळीत असेल असं नाही), मग कारणं, आणि मग खरं काम, म्हणजे कारणापासून निष्कर्षापर्यंत यायला लेखकाने न बोलता काय धरून चाललंय ते पकडायचं. आपल्या न्यायशास्त्रात (म्हणजे कायद्यात नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) हे फार छान सांगितलंय, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, यात 'जिथे धूर तिथे आग' हा जोड आहे, त्याला व्याप्ती म्हणतात. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानेही 1958 मध्ये अशाच जोडावर बोट ठेवलं, तो त्याला वॉरंट म्हणतो. आता उलटं करून बघा, 'आग आहे म्हणून धूर आहे'. फसलं, कारण न्यायशास्त्राचंच उदाहरण घ्यायचं तर तापलेल्या लोखंडात आग असते पण धूर नसतो.

समजा उताऱ्यात असं आहे की एका शाळेने लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवली, त्या वर्षी निकाल सुधारला, म्हणून सगळ्या शाळांनी तसंच करावं. इथे जोड काय? निकाल लायब्ररीमुळेच सुधारला, आणि बाकीच्या शाळाही या शाळेसारख्याच आहेत. पण पेपरच सोपा आला असेल तर? किंवा लायब्ररीत संध्याकाळी कुणी फिरकलंच नसेल तर? नुसतं 'पुरावा अपुरा' लिहून सोडू नका, ते कुठल्याही उताऱ्याला चिकटतं, त्यापेक्षा कुठली माहिती मिळाली तर हा युक्तिवाद तगेल किंवा कोसळेल ते लिहा, उदा. संध्याकाळी येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांचे आधीचे आणि नंतरचे मार्क.

बलस्थानं बरेच जण विसरतात. इथे निदान आधी-नंतरची तुलना आहे, आणि लायब्ररीने अभ्यासाला मदत होणं अशक्य तर नाहीच. तेही लिहा, पण उगाच कौतुक नको. लेखक कोण, त्याचा हेतू काय, यात मात्र शिरू नका, स्वार्थी माणसाचा मुद्दाही बरोबर असू शकतो.