भुतानेच खुनी सांगितला तर डिटेक्टिव्ह कशाला?

प्रश्न : ताई, मुलीने कॉलिन कॉटरिलच्या डॉ. सिरी सिरीजचं पहिलं पुस्तक दिलंय, लाओसमधली मर्डर मिस्टरी, लोकलमध्ये वाचतोय. मजा येतेय पण या डॉक्टरच्या स्वप्नात मेलेली माणसं येतात हो! मी पडलो पक्का विवेकवादी. भुतांनी हिंट दिली तर ती चीटिंग नाही का? पुढची पुस्तकं घेऊ का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काका, बिनधास्त घ्या. भुताने येऊन खुन्याचं नाव सांगितलं असतं तर मीही म्हटलं असतं चीटिंग, पण इथे मेलेली माणसं नुसती समोर येऊन उभी राहतात, अर्थ लावायचा तो सिरीने आणि पुरावा शोधायचा तोही त्यानेच, तेही अशा शवागारात जिथे धड केमिकल्स नाहीत, शाळेच्या केमिस्ट्रीच्या टीचरकडून मागून आणायची. डिसेंबर १९७५ मध्ये पाथेट लाओ या कम्युनिस्ट चळवळीने राजेशाही संपवली, शिकलेले कितीतरी लोक मेकाँग नदी ओलांडून थायलंडला निघून गेले, मग काय, रिटायर व्हायची स्वप्नं बघणाऱ्या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याला पार्टीने अनुभव नसताना देशाचा कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा डॉक्टर, करून टाकलं. बरं हा पॅरिसला शिकलेला, विज्ञानवाला, वर पार्टी मेंबर, आणि याच्यातच हजार वर्षांपूर्वीच्या ह्मोंग जमातीतल्या शामानचा, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या भगताचा, आत्मा! त्याची पंचाईत बघा, तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आणि लाओसमध्ये हे सगळं रोजच्या जगण्यातलं आहे. विहारात जाणारा माणूसच 'फी'ला, म्हणजे आत्म्यांना, नैवेद्य ठेवतो. माणसात ३२ ख्वान, म्हणजे त्याला जपणारे आत्मे, असतात असं मानतात, एखादा भटकला की माणूस आजारी, मग त्याला परत बोलवायला बासी नावाचा विधी करतात. मधोमध केळीच्या पानांचा मनोरा, त्यात झेंडू खोचलेला, आणि जमलेले लोक मनगटाला पांढरा सुती दोरा बांधत आशीर्वाद पुटपुटतात. तीन दिवस तरी तो ठेवायचा, नंतरही कापायचा नाही, गाठ सोडवायची. राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालणाऱ्या आमच्या कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

खरी धमाल दुसऱ्या पुस्तकात आहे, लुआंग प्रबांग या जुन्या राजनगरीत शामान लोकांना बोलावून सरकार थेट आत्म्यांनाच दम देतं, पार्टीचं ऐका नाहीतर चालते व्हा! (असा जीआर आपल्याकडे कोणी काढला नाही हे नशीब.)

लेखक ब्रिटिश आहे, त्याने लाओसमध्ये काम केलंय, तरी नजर बाहेरच्याचीच, तेवढं धरून चाला. २००४ ते २०२० मध्ये १५ पुस्तकं आली, सगळी एकदम मागवू नका, काहींत कथानक फार फाटे फोडतं. मला विचाराल तर खुनापेक्षा सिरी आणि त्याचा दोस्त सिविलाय नदीकाठी डबा खात पार्टीची टिंगल करतात तेच जास्त आवडतं. फक्त क्रमाने वाचा, नाहीतर मादाम डेंग आली की ही बाई कोण, नूडल्सचं दुकान कुठून आलं, सगळा गोंधळ होईल.