प्रश्न आपले : बायपासनंतरची पेटी आणि टाक्यांनंतरचा डग्गा

शस्त्रक्रियेनंतर वाद्याकडे परतण्याविषयीची तीन पत्रे या महिन्यात एकापाठोपाठ आली. तिन्ही पत्रलेखक पुण्यातले आहेत, शस्त्रक्रिया आणि वाद्ये मात्र निरनिराळी आहेत. डॉक्टरांना विचारल्यावर ‘हळूहळू सुरू करा’ एवढेच उत्तर मिळाल्याची तक्रार तिघांनीही केली आहे. डॉक्टरांचे म्हणणे बरोबरच आहे. पण हळूहळू म्हणजे किती हे सांगायचे, तर ते वाद्य वाजवताना शरीराच्या कोणत्या भागावर भार येतो हे ठाऊक असावे लागते, आणि प्रत्येक शल्यविशारदाने डग्ग्यावर (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर) तळवा घासून काढलेला घिस्सा जवळून पाहिलेला असतो असे नाही. फिजिओथेरपी हा माझा व्यवसाय आणि पेटी हा माझा नाद असल्यामुळे या पत्रांना नेहमीपेक्षा जास्त जागा देत आहे.

प्रश्न : माझे वय ६३ आहे. पाच आठवड्यांपूर्वी छातीचे हाड उघडून माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी डाव्या पायातील शीर काढून वापरली. गेली २८ वर्षे मी भजनी मंडळात पेटीची साथ करतो. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात त्या दोन रात्री आमचे भजन असते, आणि दिंडीबरोबर गळ्यात पेटी अडकवून थोडे अंतर चालण्याचा माझा नेम आहे. तोपर्यंत शस्त्रक्रियेला आठ आठवडे होतील. शिवाय शस्त्रक्रियेपासून उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर आहेत. पेटी कधी सुरू करावी? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : आपण पेटी याच आठवड्यात सुरू करू शकाल असे मला वाटते, मात्र ती उचलायची नाही, जमिनीवर बसून वाजवायची नाही आणि दिंडीत गळ्यात अडकवायची नाही. अर्थात, आपल्या शल्यविशारदांनी छातीची जखम तपासून हिरवा कंदील दाखवलेला असावा, हे यात गृहीत धरले आहे.

बायपासच्या वेळी छातीच्या मधोमध असलेले हाड उभे कापतात आणि शेवटी ते पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. हाताचे हाड मोडले तर प्लॅस्टर घालून ते स्थिर ठेवता येते. छातीच्या हाडाला ती सोय नसते, कारण प्रत्येक श्वासाबरोबर ते हलत असते. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते मजबूत व्हायला तीन महिने. मधुमेह असेल किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर त्याहून अधिक. या काळात चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये असे सर्वसाधारणपणे सांगतात. साध्या पेटीचे वजन आठ-दहा किलोंच्या घरात जाते आणि पट्टी बदलता येणारी स्केलचेंजर पेटी त्याहूनही जड असते. कपाटावरची पेटी खाली काढणे, रिक्षात ठेवणे, जिन्यावरून वर नेणे ही कामे आपण वादनात मोजत नाही. हाडावर खरा ताण मात्र त्यांचाच येतो. गळ्यात अडकवलेल्या पेटीचा सगळा भार मान, खांदे आणि छातीचा वरचा भाग यांच्यावर पडतो, आणि गर्दीत एखादा धक्का लागला तर तो थेट पेटीवरून छातीवर येतो. यंदा दिंडीत टाळ घ्यावा. तोही बेताने.

आता भात्याविषयी. भाता मारताना डावा हात पेटीच्या मागे जातो, खांदा पुढे येतो आणि छातीचा डावा स्नायू त्याच हाडाला खेचतो. कोपर बरगड्यांजवळ ठेवून लहान लहान झोके घेतले तर हा ताण अगदी थोडा राहतो. हात लांबवून भाता पूर्ण उघडण्याची सवय असेल तर तो वाढतो. त्यामुळे पहिला आठवडाभर भाता दुसऱ्या कोणाला तरी मारू द्यावा. घरात दहा-बारा वर्षांचे नातवंड असेल तर हे काम त्याला मनापासून आवडते, आणि दाब सारखा कसा ठेवायचा हे ते चार दिवसांत शिकते, असा माझा अनुभव आहे. आपण दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून संथ लयीत अलंकार वाजवावेत. दुसऱ्या आठवड्यापासून भाता स्वतःकडे घ्यावा, दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे संध्याकाळी. भाता मारत असताना शेजारच्या माणसाशी न थांबता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर श्रम जास्त होत आहेत असे समजावे. मुदत वाढवायची की नाही हे मात्र त्याच दिवशी ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीचे दुखणे आदल्या दिवसाइतकेच असेल किंवा कमी असेल, तरच पाच मिनिटे वाढवावीत.

जमिनीवर बसायला मनाई करण्याची कारणे दोन आहेत. जमिनीवरून उठताना आपण नकळत दोन्ही तळहात टेकवून शरीर वर ढकलतो, आणि तो जोर सरळ छातीच्या हाडावर जातो. दुसरे म्हणजे पायातली शीर काढल्यानंतर त्या पायाला काही आठवडे सूज येते. मांडी घातल्याने रक्त परतीच्या वाटेवर अडते आणि सूज वाढते. खुर्चीवर बसावे, पेटी टेबलावर ठेवावी आणि टेबलाची उंची अशी निवडावी की पट्ट्या कोपराच्या पातळीवर येतील. आपल्याकडचे जेवणाचे टेबल बहुतेक वेळा यासाठी उंच पडते, खांदे वर उचलावे लागतात आणि मग मानेचे दुखणे बायपासच्या नावावर जमा होते. भजनाला बसतानाही खुर्चीचा आग्रह धरावा. विठोबासमोर खुर्चीवर बसणे बरे दिसत नाही असे कोणी म्हणाले, तर आपल्या छातीत तारा आहेत हे त्याला सांगावे.

बोटांचा बधिरपणा आपल्याला सर्वांत जास्त घाबरवतो आहे, हे पत्रावरून जाणवते. छाती उघडताना बरगड्या बाजूला सारतात, त्या वेळी मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा खालचा भाग कधी कधी ताणला जातो. करंगळी आणि अनामिका यांची जाणीव त्याच भागातून येते, म्हणून नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात. बहुतेक रुग्णांत हे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप सुधारते. पट्टीला बोट लागले की नाही हे कळत नाही म्हणून आपण ती जोराने दाबायला लागतो. तेवढे टाळावे, बोटांकडे पाहून वाजवावे आणि कानावर विसंबावे. मात्र बोटे एकमेकांपासून फाकवता येत नसतील, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेलेला दिसत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये.

कूस बदलताना किंवा भाता मारताना छातीच्या हाडात कटकट आवाज येणे, जखमेतून पाणी येणे, ताप, धडधड, नव्याने दम लागणे, यांपैकी काहीही झाल्यास पेटी मिटून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मन उदास असू शकते आणि लक्ष टिकत नाही. शंभर वेळा वाजवलेल्या अभंगाचा अंतरा ऐन वेळी आठवला नाही, तर आपली कला गेली असे समजू नये. पालख्यांच्या मुक्कामात दोन्ही रात्री न बसता एका रात्री दोन-तीन अभंगांची साथ करावी आणि पुढे पेटी दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे माझे मत आहे.

ज्यांची बायपास अजून व्हायची आहे अशा वादकांसाठी जाता जाता सांगते. काही वेळा शिरेऐवजी मनगटाजवळची रोहिणी वापरतात, आणि तीही सहसा डाव्या हाताची, कारण बहुतेकांचा तो कमी वापराचा हात असतो. सतारिया आणि व्हायोलिनवादक यांचा मात्र डावा हात सुरावर असतो. आपण कोणते वाद्य वाजवतो हे शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यविशारदांना सांगावे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून हिंजवडीत नोकरी करतो आणि तबला शिकतो. डाव्या मनगटावर कार्पल टनेलची शस्त्रक्रिया होऊन चार आठवडे झाले. टाके निघाले, मुंग्या थांबल्या, पण डग्ग्यावर हात ठेवताच तळव्याच्या मुळाशी कळ येते. शस्त्रक्रिया फसली का? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : मुंग्या थांबल्या आहेत, त्याअर्थी शस्त्रक्रियेचे काम झाले आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला एक जाड पट्टा असतो. त्याखाली दबलेला मज्जातंतू मोकळा करण्यासाठी तो कापतात. पट्टा कापल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, दाब दिला की दुखते. हे दुखणे कित्येक आठवडे आणि काहींना तर काही महिने टिकते. मुठीची ताकद पूर्ववत व्हायलाही दोन-तीन महिने लागतात.

आपली अडचण अशी की डग्ग्याचा घिस्सा आणि मींड (सुराची घसर) तळव्याच्या याच भागाने, पुडीवर म्हणजे चामड्यावर दाब देत आणि घासत काढतात. उजव्या हाताची शस्त्रक्रिया असती तर हा प्रश्न इतका तीव्र झाला नसता. तेव्हा उजव्या हाताचे बोल आजपासून बिनधास्त वाजवावेत. डाव्या हाताने आधी ‘क’ आणि ‘कत्’ हे बंद बोल अलगद काढावेत, नंतर मनगट पुडीवर न टेकवता बोटांनी उघडा ‘घे’ वाजवावा. मनगट टेकवण्याची वेळ सहाव्या आठवड्यानंतर येईल आणि घिस्सा सर्वांत शेवटी. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेल लावून व्रणावर अंगठ्याने गोल मालिश करावे. त्यामुळे व्रण खालच्या थराला चिकटत नाही. तबला सुरात लावताना हातोडी डाव्या हातात धरू नये आणि डग्गा त्या हाताने उचलू नये.

माझ्या स्वतःच्या उजव्या मनगटावर हीच शस्त्रक्रिया झाली होती. टाके निघाले त्या संध्याकाळी मी पेटीवर तासभर लेहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरून बसले आणि पुढचे दहा दिवस मला पोळी लाटता आली नाही. शहाणपण इतरांना शिकवण्याचा माझा व्यवसाय आहे, एवढे यावर म्हणता येईल.

प्रश्न : वय ६८. गुडघ्याचे सांधेरोपण होऊन तीन महिने झाले. मी खाली बसून व्हायोलिन वाजवते. मांडी कधी घालता येईल? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : कृत्रिम सांधा साधारणपणे मांडी घालण्यासाठी केलेला नसतो, आणि काही प्रकारच्या सांध्यांत ती जमली तरी रोज तासभर त्या स्थितीत बसण्याचा सल्ला मी देणार नाही. आपल्या पद्धतीत व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकते, त्यामुळे मांडी गेली की वाद्याचा आधारच जातो, ही खरी अडचण आहे. यावर उपाय म्हणजे हात नसलेली, बसकी खुर्ची घ्यावी आणि पावलाच्या जागी वाद्याला आधार मिळेल असे एक लहान, गादी लावलेले स्टूल समोर ठेवावे. स्टुलाची उंची अंदाजाने ठरवू नये. आधी खुर्चीवर बसून वाद्य नेहमीच्या कोनात धरावे, कोणाला तरी व्हायोलिनच्या डोक्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायला सांगावे आणि मगच सुताराकडे जावे. शस्त्रक्रिया झालेला गुडघा एकाच स्थितीत आखडतो, म्हणून दर वीस मिनिटांनी उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्यात.