कटकन आवाजाच्या मागे लागू नकोस

जळगावात मणक्यांवर हाताने उपचार करायचा नवीन दवाखाना टाकतोयस, म्हणून सांगतो. पेशंट पालथा झोपला की लगेच मणका दाबून कटकन वाजवायला जाऊ नकोस. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. हाड 'जागेवर बसल्याचा' नव्हे. लोकांना मात्र तोच हवा असतो!

आधी पेशंट काय काम करतो ते विचार. रावेर-यावलकडचा गडी केळीचा घड एकाच खांद्यावर वाहतो. कापूस वेचणाऱ्या एक मावशी यायच्या. कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत सोडायच्या नाहीत. अर्धी झाली की रिकामी करा, मधूनमधून सरळ उभ्या राहा, एवढंच सांगितलं. निम्मं दुखणं तिथेच कमी झालं.

पाय लुळा पडतोय, बसायची जागा बधिर, लघवीवर ताबा नाही, असं कुणी म्हणालं तर हातही लावू नकोस. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठव.