वाटप आधी ठरव

पोरी,

तुझा अहवाल दोनदा वाचला, सोबतची चिठ्ठी तीनदा. ‘लोकच बाभळी तोडतात, लोकच ओढ्यातली वाळू विकतात, मग आपण धडपडायचं कुणासाठी?’ आटपाडीच्या एसटी स्टँडवर बसून लिहिलंयस, अक्षर हललेलं आहे. मीही तुझ्या वयाचा असताना हेच विचारत होतो, म्हणून आज बाकी सगळं बाजूला ठेवलं.

अहवालाचं तिसरं पान मात्र फाडून टाक. ‘दारिद्र्यामुळे संसाधनांचा ऱ्हास’ हे निम्मंच खरं आहे. मोळी घेऊन जाणारी बाई तुला दिसली, कारण ती रस्त्यानं चालते. तिच्या विहिरीतलं पाणी ज्या बोअरनं ओढलं तो तुला दिसला नाही. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी थांबतं ते वरच्या मुरमात नाहीतर खडकाच्या फटींत. पैसेवाला खोल जातो, शेजाऱ्याची विहीर आटते. मग घरातला गडी ओळख असेल तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात जातो, नसेल तर ऊसतोडीला. मागं राहिलेली बाई बाभळीवर कोयता घालते. तू फक्त तो कोयता लिहिलास.

माण तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही पाणलोटाचं काम केलं होतं. समतल चर, दगडी बांध, शेवटी ओढ्यावर सिमेंटचा बंधारा. गायरानात चराईबंदी केली, गवत गुडघ्याला लागलं. फोटो मीच काढले. श्रमदानाला सगळी वाडी उतरली होती. दोन वर्षांत बंधाऱ्याच्या कडेला चार नव्या विहिरी झाल्या आणि त्यांच्यावर डाळिंब आलं. चराईबंदी सोसली ती मेंढरं असलेल्या घरांनी. एका धनगर म्हातारीनं कळप म्हसवडच्या बाजारात विकला. तिच्या तळहातावर खोऱ्याच्या दांड्याचे घट्टे तसेच होते. म्हणाली, “सायेब, खड्डं आमी खांदलं, आन् पाणी त्येंच्या बागंला.” मी म्हणालो, “पुढच्या टप्प्यात बघू.” पुढचा टप्पा आलाच नाही. ते मला माहीत होतं, तरी मी तसं म्हणालो.

म्हणून सांगतो, वाटप आधी ठरव. पहिली कुदळ पडायच्या आधी, ग्रामसभेत, भूमिहीन आणि बायाबापड्या समोर बसलेल्या असताना, लेखी. ओढा कोरडा असतो तोवर सगळे उदार असतात. एकदा विहिरीवर मोटार बसली की सख्खा भाऊही पाणी सोडत नाही.

वाळूचं म्हणशील तर बलवडीला जाऊन ये. खानापूर तालुक्यात, येरळेच्या काठी. तिथं ठेकेदार वाळू उपसत होते. वाळू गेली की नदीच्या पोटात पाणी थांबत नाही, काठच्या विहिरी आटतात. 1980 च्या दशकात तिथले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर त्या उपशाविरुद्ध उभे राहिले, आणि त्याच येरळेची थोडी वाळू स्वतः विकून बळीराजा धरणाला पैसा उभा केला. पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, आणि उसाला नाही, असं ठरवून. वाळू तीच, विकणंही तेच. ठरवणारे बदलले. पुरंदरात नायगावला पाणी पंचायतीनं 1972 च्या दुष्काळानंतर हेच केलं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनाला वाटा, ऊस बंद.

आणि टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत आलं, आता हा प्रश्न मिटला, असं म्हणू नकोस. खाली वाळवा-मिरजेकडं बघ. उसाला पाणी सोडून सोडून चांगल्या काळ्या रानांचं खारावून चोपण झालंय. कराडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इथवर आणायचं आणि ज्याची पाइप मोठी त्याच्याच रानात ओतायचं, याला मी विकास म्हणणार नाही. वाटप आधी. कितीदा सांगू?

गावात भांडणं लागतील, असं तू लिहिलंयस. लागू देत. आमची संस्था मी याच मुद्द्यावर सोडली. त्यानंतर तीन गावांनी वाटप लिहून द्यायला नकार दिला आणि मी तिथं काम सुरू केलं नाही. त्यातल्या एका गावाला पुढं टँकर लागला. तो तुमच्या हट्टापायी लागला, असं माझ्या मुलानंच मला ऐकवलं. त्या रात्री झोप लागली नाही, नंतरही कित्येकदा नाही. पण बंधारा झाला असता तर टँकर चार घरांचा सुटला असता. बाकीच्यांना तो लागलाच असता, वर त्यांची मेंढरंही गेली असती. मी चुकलो नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाहीच म्हणेन.

तू पुण्याची नोकरी घे किंवा घेऊ नकोस, त्यावर मी बोलत नाही. पण हा अहवाल असा देऊ नकोस. परत त्या गावात जा. सकाळी नको, माणसं रानात असतात, दिवेलागणीनंतर जा. विहिरी आणि बोअरची यादी कर: कुणाची, किती खोल, कोणत्या साली पाडली, शेजारची कधी आटली. मेंढरं कुणाकडं होती आणि ती कधी विकली, तेही लिही. त्या मोळीवाल्या बाईचं नाव तुझ्या चाळीस पानांत कुठंच नाही, ते विचारून ये.

यादी झाली की इकडंच ये. जेवायलाच थांब.